लोखंडी पट्ट्यावरून पहिली गाडी

सुंदरपेरुमाळ कोयिलच्या फलाटावर पाय ठेवल्याबरोबर वत्सलाआत्यांनी सेतुरामाला विचारले, ते लोखंडाविषयी नव्हे, गुरांविषयी.

"खाल्लं का रे त्यांनी?"

"नाही आत्या."

"चार टायरांपैकी एकातूनही नाही?"

"तांबड्या गाईने काल एकात नाक घातलं," भावजयीच्या हातातली डब्यांची चळत आपल्याकडे घेत सेतुराम म्हणाला, "आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, की मीच शरमून जुनी टोपली आणून तिच्यापुढे ठेवली."

भवानी फलाटावरच हसत सुटली. तिचा नवरा सुब्रह्मण्य हसला नाही. तो कुंभकोणमच्या कोर्टात वकिली करीत असे, आणि प्रतिपक्षाच्या साक्षीदाराने आपण होऊन कबुली द्यावी तेव्हा जे समाधान वाटते ते त्याला धाकट्या भावाच्या या उत्तराने वाटले होते. मात्र ते चेहऱ्यावर दिसू न देण्याइतका तो सभ्य होता. सर्वांत शेवटी दोघांचे वडील हनुमंतराव उतरले. निवृत्त शिरस्तेदारांनी कोटाची बटणे चाचपली, धाकट्या मुलाकडे पाहून मान हलवली आणि काठी टेकीत ते स्टेशनाबाहेर चालू लागले.

आज भाताची पहिली बैलगाडी कळमावर यायची होती. कळम म्हणजे मळणीचे खळे; पण घरात मराठी बोलणाऱ्या या कुटुंबाच्या तोंडी त्या जागेसाठी दुसरा शब्द कधी आलाच नव्हता. तंजावरच्या राजवाड्यातल्या चाकरीबद्दल कोणा पूर्वजाला मिळालेल्या जमिनीपैकी सहा एकर अजून घरात राहिली होती, आणि जमिनीबरोबर एक रीतही. शेतीसंबंधी जे काही ठरवायचे ते घरातल्या कर्त्या पुरुषाने वर्षातून एकदाच बोलायचे. भाताची पहिली गाडी कळमावर रिकामी झाली की त्याच जागी उभे राहून बोलायचे, आणि एकदा बोललेले पुढच्या पिकापर्यंत फिरवायचे नाही. कुंभकोणमला मेलकावेरीतल्या घरी बसून शेताविषयी कितीही वाद झाले तरी त्यांना किंमत नसे.

या खेपेस हनुमंतराव काय बोलतील हे कोणालाच ठाऊक नव्हते. वाय्कालापलीकडचे, म्हणजे पाटापलीकडचे, शेतकरी नटराज पिळ्ळै यांनी सहाही एकर विकत मागितली होती आणि ती द्यावी असे सुब्रह्मण्याचे स्पष्ट मत होते. शेत गेले तर सेतुरामाने उत्तरेकडच्या नव्या पोलाद कारखान्यातली नोकरी पत्करायची होती; तिथले पत्र येऊन पंधरा दिवस झाले होते. शेत राहिले तर सेतुराम ते स्वतः करणार होता. धरणाच्या कामावर सात वर्षे माती ओढणाऱ्या यंत्रांची दुरुस्ती करणारा हा मुलगा काम संपल्यावर परत आला, तो लॉरीत मोडीचा माल घालून. छातीइतके उंच, गुळगुळीत झिजलेले चार टायर आणि बुलडोझरचा एक लोखंडी पट्टा. लॉरी त्याने घराकडे आणलीच नाही, थेट शेतावर नेली. गेले वीस दिवस तो आणि त्याची बायको पंकजा शेतावरच्या दोन खोल्यांत राहत होती.

आगगाडीच्या डब्यात अर्धा तास सर्वजण शेताचा विषय टाळून वांग्यांवरच्या किडीविषयी बोलले होते, ते यामुळेच.

*

वत्सलाआत्या बांधावरून सावकाश चालत होत्या. त्यांना सत्तरावे लागले होते, आणि त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान असलेला भाऊ पुढे निघून गेला होता. वैधव्य घेऊन माहेरी परतल्यापासून दर पिकाला त्या इथे येऊन राहत. पेंढ्यांवर नजर ठेवीत, गड्यांना ताक देत, पावसाच्या ढगाकडे पाहून शेतावरच्या रंगाला ओरडत. शेत त्यांनीच टिकवले असे हनुमंतराव कधी कधी म्हणत. पण गेली दोन वर्षे त्यांच्या हाती काही उरले नव्हते. खालची तीन एकर वाय्कालापलीकडे होती. त्या पाटावरचा लाकडी साकव पुरात गेला, आणि तेव्हापासून तिकडचे सगळे भात डोक्यावरून आणावे लागे; रेल्वेच्या फाटकावरचा वळसा एवढा लांब, की घरच्या एकुलत्या गाडीची दिवसात एकच खेप झाली असती. पाणी घोट्याएवढे असले तरी चिखल मांडीपर्यंत जाई. मागच्या वर्षी माणसे पुरली नाहीत, रचलेल्या पेंढ्यांवर पाऊस पडला आणि लोंब्यांना शेतातच कोंब आले. हिरवे, सुंदर कोंब. ते पाहून आत्या तीन दिवस जेवल्या नव्हत्या.

"सेतू," त्यांनी मागे वळून हाक मारली, "तुज खरं सांगते. मी हनुमंतास देऊन टाक म्हणाले."

सेतुरामाचे पाऊल थबकले. "शेत?"

"मग काय डबे? माझे गुडघे गेले रे. आणि तू गुरांस टायरातून खायला घालणार!"

"आत्या, टायर झिजला म्हणजे माती ओढण्यापुरता झिजला. भिंत अजून दोन बोटं जाड आहे. दगडाची गव्हाण फुटते, लाकडाची कुजते..."

"आणि रबराची वास मारते."

"मारते," तो म्हणाला. "पंकजाने शिकेकाई लावून धुतली, चिंचेने घासली, तांदळाच्या धुवणात चार दिवस भिजवली. आता त्यातून रसमासारखा वास येतो. गुरं तरीही तोंड लावत नाहीत."

आत्यांना हसू आले, आणि या मुलावर आपल्याला रागावता येत नाही याचा थोडा रागही. तो लहानपणीही असाच होता. चूक सांगताना चेहरा कधी पाडीत नसे.

"सरी, असू दे. आणि तो पट्टा?"

"तो बघच," सेतुराम म्हणाला, आणि बायकोच्या माहेरची माणसे दाखवावीत तशा अभिमानाने त्याने वाय्कालाकडे बोट केले.

उतारावर पाण्यात दोन काळ्या लोखंडी वाटा टाकलेल्या होत्या. हातभर रुंदीच्या जाड पाट्या एकीला एक जोडलेल्या, आणि प्रत्येक पाटीवर आडवा, बोटभर उंच कंगोरा. धरणाच्या कामावरच्या लोहाराने पट्टा मधोमध सोडवून त्याचे दोन तुकडे करून दिले होते. गाडीच्या दोन चाकांना दोन वाटा. चिखल नेमका तेवढ्याच रुंदीचा होता. पुढे दोन्ही काठांची माती घट्ट होती.

"ते वर काय, दातांसारखं?"

"कंगोरे. लोखंडावर चाक घसरू नये म्हणून वर ठेवलेत."

आत्यांनी बराच वेळ पाहिले. त्यांना ते आवडले की नाही, हे त्यांनाच समजले नाही. एवढे मात्र खरे, की वाय्कालाकडे पाहताना या वेळी प्रथमच त्यांना कोंब आठवले नाहीत.

*

सुब्रह्मण्य कळमावर पोचला तेव्हा नटराज पिळ्ळै येऊन बसले होते. त्यांनी केळ्यांची फणी आणि विड्याची कोवळी पाने आणली होती. पन्नाशीचा, सावळा, कमी बोलणारा हा माणूस सुब्रह्मण्याला मनापासून आवडे. शेत द्यायचेच तर अशा हाती द्यावे, असे तो वडिलांना म्हणाला होता. त्यात कपट नव्हते. त्याला खरोखर वाटत होते की हे घर आता शेताचे राहिलेले नाही. आत्या थकल्या, आपण कोर्टात अडकलो, आणि सेतूसारख्या हुशार फोरमनने चिखलात आयुष्य घालवणे हा निव्वळ अपव्यय आहे.

"घाई नाही रायर," नटराज हनुमंतरावांना तमिळमध्ये म्हणत होते. "तुमची रीत मला माहीत आहे. पहिली गाडी येऊ द्या."

"तुमच्या गाड्या?"

"माझं कळम या काठाला. गाड्या रेल्वेच्या फाटकावरून वळसा घेऊन येतात. संध्याकाळ होते."

वाय्कालापलीकडून रंगाची आरोळी आली. रंगा हा शेतावरचा जुना मुकादम. गाडी वळसा घालून पलीकडे नेऊन त्यानेच भरली होती आणि बैलही तोच हाकीत होता. भाताच्या पेंढ्यांनी गाडी इतकी उंच झाली होती की तिच्यामागचे नारळाचे झाड दिसत नव्हते. सगळेजण काठावर जमले. भवानी ओवाळणीचे ताट घेऊन आली. सेतुराम पाण्यात उतरून उभा राहिला, धोतर गुडघ्यावर खोचून.

"सरळ घे रंगा. डावं चाक बघ!"

चाके लोखंडावर चढली. काठावर कोणीतरी "भले!" म्हटले. आणि मग आवाज सुरू झाला. लाकडी चाकाची लोखंडी धाव एकेका कंगोऱ्यावर चढे आणि धाडकन खाली येई. धाड. धाड. धाड. गाडी अंगात आल्यासारखी हलू लागली. दोन वाटांच्या मधल्या चिखलात बैल मांडीपर्यंत रुतले, जू खाली गेले, आणि पाटाच्या ऐन मध्यावर गाडी थांबली. रंगाने एका बैलाच्या पाठीवर थाप मारली, दुसऱ्याची शेपटी पिळली. बैल जागचे हलले नाहीत.

सुब्रह्मण्याने वडिलांकडे पाहिले. हनुमंतराव काठीवर दोन्ही हात ठेवून शांत उभे होते. आता काही बोलण्याची आवश्यकताच नाही, असे सुब्रह्मण्याला वाटले, आणि तसे वाटताच त्याने भावाच्या पाठीवरची नजर काढून घेतली.

*

पंकजाला सर्वांत आधी दिसले ते पाणी.

ती खालच्या बाजूला, धुण्याच्या जागी उभी होती. वाय्कालाचे संथ पाणी तिच्या पायांपाशी येत होते आणि पाण्याबरोबर भाताचे दाणे वाहत येत होते. आधी थोडे, मग मूठभर, मग पसाभर. पिकून वाळलेल्या लोंब्या. एवढ्या हादऱ्यांनी दाणे गळणारच. तिने पदर पसरून त्यात दाणे गोळा केले आणि तशीच ओल्या पदरानिशी काठावर धावत आली.

"अहो, थांबवा. ओढू नका. दाणे गळतायत."

सेतुरामाने पदरातले भात पाहिले. वीस दिवसांत प्रथमच त्याचा चेहरा पडला. आरी पाण्याने ओली करीत टायर कापताना हाताला फोड आले तेव्हा तो हसत होता. गुरांनी तोंड फिरवले तेव्हाही. आता तो पट्ट्याकडे बघत नुसता उभा राहिला.

"कंगोरे खाली हवेत," पंकजा म्हणाली.

बोलून गेल्यावर तिला सासऱ्यांचे, जावेचे, परक्या माणसाचे भान आले. पण शब्द सुटले होते.

"काय म्हणालीस?" सेतुरामाने विचारले.

"ती सुटी पाटी दिलीत ना मला, धुणं आपटायला? पहिल्या दिवशी कंगोरा वर ठेवला. धुणं फाटलं, आणि पाटी सरकत पाण्यात गेली. मग पालथी घातली. आता चिखलात अशी रुतून बसते की मला हलवता येत नाही. आणि वर मधोमध एक पन्हळ राहते. तिच्यात साबण ठेवते मी."

सेतुराम कपाळावर हात मारून मोठ्याने हसला. "सात वर्षं! सात वर्षं मी बुलडोझरखाली निजलो. कंगोरे जमिनीला धरतात म्हणून तर ते यंत्र चालतं! आणि ती पन्हळ... पंकजा, चाक त्या पन्हळीतच बसेल. बाहेर जायचंच नाही."

"साबण सरकत नाही," पंकजा म्हणाली, "म्हणजे चाकही नाही सरकणार."

"आणि बैल?" वत्सलाआत्यांचा आवाज सर्वांच्या वरून आला. "चाकास राजरस्ता केलास. ओढणाऱ्यांनी काय उडत जावं?"

आत्या काठावर बसल्या होत्या. त्यांची दृष्टी गोठ्याबाहेर रांगेने ठेवलेल्या चार काळ्या गव्हाणींवर गेली.

"सेतू, ते टायर उभे चिरले तर लांब पडतील काय रे? चटईसारखे?"

"पडतील. पण आत्या, त्या गव्हाणी..."

"कसल्या गव्हाणी! ज्यात तोंड घालत नाहीत त्यावर पाय तरी ठेवतील. बसव मधल्या चिखलात." मग त्या एकदम थांबल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "थांब. हे चामडं नव्हे ना? पहिल्या गाडीचं भात पेरुमाळाच्या नैवेद्यास जातं."

मेलकावेरीच्या घरी नळ येऊन दोन वर्षे झाली होती. तोटीच्या आत चामड्याची चकती असते असे कोणी सांगितल्यापासून आत्यांनी त्या पाण्याचा थेंब घेतला नव्हता. त्यामुळे या प्रश्नावर सारा काठ गंभीर झाला.

"रबर आहे, आत्या. झाडाचा चीक."

"कसलं झाड?"

"मलबाराकडे लावतात. खोडाला खाच पाडली की पांढरा चीक येतो. वडाला येतो तसा."

"वडासारखा?" आत्यांनी विचार केला. "आणि आत दोरे दिसतात ते?"

"कापसाचे."

"चीक आणि कापूस. मग त्यात ओवळं काय आहे? चालेल." आणि भावाकडे वळून त्या म्हणाल्या, "हनुमंता, नुसता उभा राहू नको. गाडी रिकामी करावी लागेल."

*

यापुढचा दीड तास सुब्रह्मण्याने नंतर कधीही सुसंगतपणे सांगितला नाही. पेंढ्या उतरवून पलीकडच्या काठावर रचल्या. बैल सोडले आणि रिकामी गाडी माणसांनी मागे, त्याच काठावर ओढली. मग बांबू आणि पहारी लावून पट्ट्याचा पहिला तुकडा कुशीवर वळवायला घेतला, आणि माणसे कमी पडली. नटराजांनी शीळ घालून आपले चार गडी बोलावले. परक्याचे गडी आपल्या चिखलात उतरताना पाहून कोरड्या काठावर उभे राहणे सुब्रह्मण्याला शक्य झाले नाही. त्याने अंगवस्त्र काढून बायकोच्या हाती दिले.

"अय्यो, वकीलसाहेब," भवानी म्हणाली, "वकालतनामा कोणाच्या बाजूचा?"

"पहार दे ती."

"घसराल."

"भवानी, पहार."

तो घसरला. कमरेपर्यंत चिखलाने माखून उठला तेव्हा सेतुरामाने हात पुढे केला आणि दोघे भाऊ लहानपणी कावेरीच्या घाटावर हसत तसे हसले. आरीने चिरलेले टायर मधल्या चिखलात पसरले गेले. त्यांच्या झिजलेल्या खाचा वर, भिंतीच्या कडा खाली. रंगाने एका बैलाला नुसत्या कासऱ्याने त्यावरून नेऊन आणले. बैलाने एकदा हुंगले, नाक फेंदारले आणि मग खूर टाकीत तो निघून गेला.

नटराज काठावरून हे सारे पाहत होते. "काम चोख आहे," ते म्हणाले. "एकच शंका येते. वाय्काल सरकारी. उद्या कालव्याचा ओव्हरसियर आला आणि काढा म्हणाला, तर?"

"काढा म्हणू शकत नाही," सुब्रह्मण्य पाण्यातूनच म्हणाला.

"परवानगी..."

"परवानगी बांधकामाला लागते, पिळ्ळै. बांधकाम म्हणजे जे जमिनीत रोवलं जातं ते. हे नुसतं ठेवलेलं आहे. ठेवलेली वस्तू उचलता येते. पाण्याला अडथळा? बघा, पाणी वरून जातंय, फटींतून जातंय. आधी चिखलाने अडत होतं, आता तेवढंही अडत नाही. शिवाय इथे साकव होता. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. ती साकव वाहून गेल्याने बुडत नाही. ओव्हरसियरला माझ्याकडे पाठवा, मी त्याला..."

तो थांबला. सर्वजण त्याच्याकडे पाहत होते. भवानी तोंडाला पदर लावून हसत होती. नटराजही हसले, अगदी सावकाश.

"वकील चांगला मिळालाय तुम्हाला, सिन्नय्या," धाकट्या मालकाला म्हणावे तसे ते सेतुरामाला म्हणाले.

"फी मागेल," सेतुराम म्हणाला.

सुब्रह्मण्याने चिखलाने भरलेल्या हातांकडे पाहिले. आपण कोणत्या बाजूने बोललो हे त्याला आता समजले होते, आणि आश्चर्य असे, की मागे घ्यावा असा एकही शब्द त्याला त्यात सापडेना.

*

गाडी पुन्हा भरली गेली. हनुमंतराव कळमाच्या कडेला, सारवलेल्या जमिनीवर उभे होते. मुलांना वाटे तितके ते निर्विकार नव्हते. रात्री त्यांना झोप आली नव्हती. सेतूच्या नोकरीचे पत्र त्यांच्या कोटाच्या खिशात होते. काय उत्तर लिहायचे ते तुम्ही सांगा, असे म्हणून त्याने ते वडिलांकडे दिले होते. मुलाला हजार मैलांवर पाठवायचे तर आजच पाठवायचे, आणि थांबवायचे तर आपल्या मोहासाठी नव्हे, हे त्यांनी स्वतःला अनेकदा बजावले होते. शिरस्तेदारीच्या तीस वर्षांत त्यांनी दुसऱ्यांच्या जमिनींचे हजारो निकाल वाचले होते. स्वतःच्या जमिनीचा निकाल देण्याइतका पुरावा त्यांना आजवर दिसला नव्हता.

चाके पट्ट्यावर आली. या वेळी धाडधाड नव्हती. पन्हळीत बसलेल्या धावेचा एक लांब, खर्जातला आवाज तेवढा येत राहिला. बैल रबरावरून चालत होते, माना ताठ, जणू रोजची वाट असावी. पंकजा खालच्या बाजूला पाण्यात डोळे लावून उभी होती. तिने हात वर करून दाखवला. रिकामा. एकही दाणा आला नव्हता.

गाडी काठ चढली. वत्सलाआत्यांनी फक्त डोळे मिटले आणि उघडले. भवानीने बैलांना ओवाळले, रंगाच्या कपाळाला कुंकू लावले, आणि गडी पेंढ्या कळमावर फेकू लागले. शेवटची पेंढी खाली आली. गाडी रिकामी झाली.

आता बोलायचे होते. सगळे हनुमंतरावांकडे पाहू लागले; सेतुराम तेवढा जमिनीकडे पाहत होता.

पण आधी नटराज पुढे आले. "रायर, एक विचारू? माझ्या दोन गाड्या पलीकडे भरून उभ्या आहेत. यावरून आणल्या तर चालतील?"

"तुम्ही शेत मागितलं आहे, पिळ्ळै. माझं उत्तर अजून ऐकलं नाहीत."

"मागितलं, कारण ते पडून राहील असं वाटत होतं. शेजारचं शेत पडून राहिलं की गवत माझ्याकडे येतं." नटराजांनी खांद्यावरचा पंचा सारखा केला. "आज माझ्या गाड्या या वाटेने जाणार असतील, तर मला तुमचं शेत नको, शेजारी हवा. तुमच्या जागी मी असतो तर कोणालाही दिलं नसतं. मलाही नाही."

हनुमंतरावांनी मान लववली. मग ते थोरल्या मुलाकडे वळले.

"सुब्रह्मण्य, तुला काही म्हणायचं आहे?"

सुब्रह्मण्य अजून चिखलात माखलेला होता. "मघाशी पाण्यात म्हणालो तेच, आप्पा."

"अक्का, तू?"

"मज काय विचारतोस? सकाळी एक म्हणाले, आता दुसरं म्हणते. बोल तू लवकर, दहीभात आंबेल."

हनुमंतराव काठी टेकीत वाय्कालाच्या दिशेने चार पावले गेले, पण कळमाच्या बाहेर त्यांनी पाऊल टाकले नाही. वरच्या अंगाला, साधारण दोनशे पावलांवर, पाटाला आणखी एक उतार होता. तिथला चिखल याहून खोल होता. पलीकडच्या शेताचा वरचा कोपरा त्यामुळेच सहा वर्षे नांगरला गेला नव्हता. त्यांनी तिकडे पाहिले.

"सेतू," ते म्हणाले, "बुलडोझरला असे पट्टे किती असतात?"

सेतुरामाने मान वर केली. "दोन, आप्पा. दोन बाजूंना दोन."

"मग दुसरा कुठे आहे?"

"तिथेच. धरणाच्या आवारात पडला आहे. लॉरीत मावला नाही."

"कोणी नेणार नाही ना तो?"

"तो कोण नेणार? लोक मलाच वेडा म्हणाले."

हनुमंतरावांनी खिशातून कारखान्याचे पत्र काढले. ते त्यांनी नीट घडी घालून मुलाच्या हाती दिले, आणि कोर्टात निकाल वाचला जाताना मागच्या बाकापर्यंत ऐकू जावा तशा आवाजात म्हणाले, "यांना कळव, की येणं होणार नाही. आणि परवा लॉरी घेऊन जा. दुसरा आण. वरच्या उताराला लागेल."

मग सुब्रह्मण्याने घसा खाकरला. त्याला खात्री करून घ्यायची सवयच होती.

"आप्पा, हे कळमावरचं बोलणं समजायचं?"

"गाडी रिकामी झाली ना?"

"झाली."

"मग!" म्हणून हनुमंतराव खाली बसले, आणि त्यांनी कोटाचे वरचे बटण सोडले. वाय्कालापलीकडून नटराजांची पहिली गाडी उताराला लागली होती, आणि सेतुराम डावे चाक, डावे चाक, असे ओरडत पुन्हा पाण्यात धावला होता.